शरदात घर सजवताना: घटापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरदाची सजावट नेमकी कधी सुरू करायची? दिवाळीच्या चार दिवस आधी पुरे नाही का?

चार दिवस आधी सुरू केलं की फक्त पळापळ होते, मजा काही येत नाही. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. घटस्थापनेपासून धरलं तर नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न आणि शेवटी त्रिपुरी पौर्णिमा असे साधारण पंचेचाळीस दिवस मिळतात. माझ्या मते ही एकच मोठी सजावट आहे, ती टप्प्याटप्प्याने बदलत जाते. आधी माती आणि धान्य, मग झेंडू, मग चंद्र, मग कंदील-पणत्या आणि शेवटी ऊस-तुळस. असं एकदा डोक्यात बसलं की दर सणाला नवीन खरेदी करावी लागत नाही.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं उशिरा आहे, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे परतीचा पाऊस बहुतेक आटोपलेला असेल, गॅलरीत कागदी कंदील लावणाऱ्यांसाठी हे बरंच आहे.

ऑनलाइन लाल-तपकिरी मेपलच्या पानांच्या माळा आणि नारिंगी भोपळे मिळतात, ते लावले तर?

लावायला कोण अडवतंय, पण माझं मन विचाराल तर नको. ती पानं जिथे खरोखर गळतात तिथे ती शोभतात. आपल्याकडे शरदात पानगळ नसतेच, ती येते शिशिरात. आपला शरद म्हणजे पाऊस उघडल्यावरचं धुतलेलं आकाश, शेतात पिवळा पडत चाललेला भात, बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, दुपारी चटका आणि पहाटे हलका गारवा. या दिवसांत बाहेर जे खरंच असतं तेच घरात आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं: भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, झेंडू, शेवंती, आंब्याची पानं, नंतर ऊस, आवळे, चिंचा. भोपळा हवाच असेल तर आपला लाल भोपळा आणा की, आठ-पंधरा दिवस कोपऱ्यात छान दिसतो आणि मग घारगे होतात.

पावसाळ्याने भिंतींना ओल आलीय, काळे डाग पडलेत. रंग कधी काढायचा?

घर काढणं हीच सजावटीची पहिली पायरी. घर काढणं म्हणजे माळा रिकामा करणं, डबे धुणं, गाद्या-गोधड्या उन्हात टाकणं. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण नावं ठेवतो पण चार महिन्यांचा कुबट वास घालवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

रंगाची मात्र घाई करू नका. आमच्याकडे एका वर्षी दसऱ्याच्या आत हॉल चकचकीत हवा म्हणून मी ओलसर भिंतीवरच रंग मारून घेतला, रंगारी पण काही बोलला नाही, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सोफ्यामागे पापुद्रे सुटले. ओल आहे का हे बघायची साधी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, रंग पुढे ढकला. यंदा ती भिंत नुसती पुसून घ्या आणि तिच्यावर सुती साडी किंवा जुनी पैठणी ताणून लावा, फार सुंदर दिसतं आणि भिंतीलाही हवा लागते.

फ्लॅटमध्ये घट कसे बसवायचे? माती वाहून फर्निचर खराब होतं.

खाली काठाचं मोठं ताट ठेवा, हा प्रश्न तिथेच संपतो. ताटावर पत्रावळ किंवा बांबूची उथळ टोपली, त्यात दोन-तीन बोटं जाडीचा काळ्या मातीचा थर, आणि त्यात रात्रभर भिजवलेले गहू किंवा सात धान्यं. मधोमध मातीचा घट पाण्याने भरून. घट मातीचाच का घ्यायचा याचं कारण मला माझ्या आईने दाखवलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी माझं बोट घटाच्या बुडाशी मातीत टेकवलं, तिथली माती गार आणि ओली होती आणि कडेची कोरडी. कच्च्या अंगाचा घट आतून पाझरतो आणि धान्याला आपोआप पाणी मिळतं. आपण फक्त कडेने हाताने शिंपडायचं. तांब्याने पाणी ओतलंत की धान्य कुजतं आणि वास येतो, बहुतेक लोकांचा घट इथेच बिघडतो.

दोन-तीन दिवसांत मोड वर येतात. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी म्हणून धन पिवळं धमक आणि लांब वाढतं, खिडकीजवळ ठेवलं तर हिरवं आणि बुटकं. दोन्ही चांगलं, पण सजावट म्हणून बघाल तर ते पिवळं धन आणि शेजारी नंदादीपाचा उजेड, यापुढे मला विकतची कुठलीच गोष्ट दिसत नाही. दसऱ्याला हेच धन टोपीत खोवायचं, देवाला वाहायचं.

माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथे घटाच्या माळेला कारळ्याची पिवळी फुलं असायची कारण नेमकी तेव्हाच शेतं त्यांनी भरलेली असतात. शहरात कारळा मिळत नाही, शेवंती किंवा झेंडू चालतो. वर माळ अडकवायला खिळा नसेल तर दोन बाजूंना उभ्या समया ठेवून मध्ये दोरा बांधा, फक्त माळ ज्योतीपासून लांब राहील एवढं बघा.

झेंडू किती आणि कधी घ्यावा? दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव डोक्यावर असतो आणि दोन दिवसांत फुलं काळी पडतात.

आधी किती ते. तीन फुटी दाराच्या एका सरळ माळेला मध्यम फुलांचा पाव किलो पुरतो, दोन्ही बाजूंना खाली सोडायची असेल तर अर्धा ते पाऊण किलो. गाडी, देव, कॉम्प्युटर, शिलाई मशीन, घरातली हत्यारं (विळी पण!) धरून दोन खोल्यांच्या घराला दोन किलो खूप झाला. लोक पाच-पाच किलो नेतात आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात फुलांचा ढीग दिसतो, ते बघवत नाही.

कधी घ्यायचा, तर शक्य असेल तर दोन दिवस आधी, दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्यात मार्केट यार्डात भल्या पहाटे जाऊन. फूल उचललं की मागे वळवून देठाचा हिरवा पेला बघायचा. तो टणक आणि हिरवा असेल तर फूल ताजं, पिवळट आणि मऊ लागला तर जुनं. वरच्या पाकळ्यांवर पाणी मारून सगळीच फुलं ताजी दिसतात, त्यामुळे पाकळ्यांवर जाऊ नका.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत तसंच गाठ मारून ठेवणं. झेंडू कोंडला की आतून गरम होतो आणि पाकळ्या मुळाशी सडतात. सुपात नाहीतर परातीत पसरा, वर पिळून घेतलेलं ओलं सुती फडकं टाका आणि पंख्याखाली नको, गार जागी ठेवा. पाणी शिंपडायचं ते फडक्यावर, फुलांवर नाही. माझी दोन दिवस आधी आणलेली फुलं दसऱ्याला सकाळी टवटवीत असतात.

ओवताना सुई देठाकडून घालून फुलाच्या बरोबर मधून वर काढा. आडवी घातली की फूल उन्हात आकसलं की फाटून खाली पडतं. आणि दोरा दुहेरी घ्या.

जाता जाता सांगते, झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडेही साधारण याच दिवसांत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी हाच केशरी झेंडू घरात मांडतात. इतक्या लांबून येऊन हे फूल आपल्या दसऱ्याचं झालं, मला ही गोष्ट फार आवडते.

दरवर्षी प्लास्टिकचं तोरण लावतो, खरं तोरण दुसऱ्याच दिवशी मान टाकतं. उपाय?

पानं चुकतायत तुमची. आंब्याची तांबूस कोवळी पानं दिसायला गोड असतात पण संध्याकाळपर्यंत माना टाकतात. जून, गडद हिरवी, जाड पानं घ्या. देठ ठेवून तोडा, अर्धा तास पाण्यात बुडवून पुसून घ्या, मग ओवा. सुकली तरी ती वळत नाहीत, ताठ राहतात, आणि सुकलेलं तोरण वाईट दिसतं हे कुणी सांगितलं?

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते माझ्या सासरचं, कोकणातलं नवं. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडूचं फूल असं एकत्र घेऊन सुतळीने बांधायचं आणि दारावर लावायचं. शेतातलं पहिलं धान्य आधी घराच्या उंबऱ्याला, मग पोटाला. सासूबाई एकेक जुडी बांधायच्या आणि नुसतं पुढचं दारच नाही तर गोठा, विहीर, जातं, अगदी नारळाच्या झाडालाही एक बांधायच्या. डोंबिवलीत आमच्याकडे गोठा नाही तर मी गॅसच्या शेगडीमागे, पाण्याच्या टाकीला आणि मुलाच्या सायकलला एकेक बांधते. लोंब्या नीट वाळल्या की वर्षभर टिकतात, पुढच्या दसऱ्याला नवं आलं की जुनं उतरवायचं. म्हणजे प्लास्टिकपेक्षा कमी टिकतं असंही नाही.

फक्त लोंब्या टांगायच्या आधी दोन ऊनं द्या, नाहीतर पाखरू (धान्यातली कीड) होतं. आणि गॅलरीत लावल्यात तर चिमण्या येणार. येऊ द्या.

आपट्याची पानं सजावटीला वापरू का?

एक विनंती आहे, फांद्या घेऊ नका. दसऱ्याच्या आधी आपट्याची झाडं अक्षरशः ओरबाडली जातात, आणि त्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही सर्रास विकल्या जातात. ओळखायचं असेल तर आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि मऊ. पूजेपुरतं एक पान, मोठ्यांच्या हातात द्यायला पाच-दहा, बस्स. सजावटीला पिवळ्या कार्डपेपरची पानं मुलांकडून कापून घ्या, त्यावर त्यांच्या हाताने नावं लिहून घ्या. आमच्या फ्रिजवर ती पाडव्यापर्यंत असतात.

कोजागिरीला काही सजावट असते का?

जवळजवळ नाही, आणि तेच चांगलं. दिवे घालवा. गच्चीवर पांढरी चादर, मधे दुधाचं पातेलं, एखादं शेवंतीचं पांढरं फूल. चंद्राला काम करू द्या.

कंदील घरी करायचाय, सोपी पद्धत सांगा. मुलं आठ-दहा वर्षांची आहेत.

याच वयात शिकवा. सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात, एक-एक वीतभर धरा. बांबूच्या कामट्या नाही मिळाल्या तर झाडूच्या दुकानात विचारा, बऱ्याच वेळा मिळतात. चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, सोळा संपल्या. आता ते चौकोन कोपऱ्यावर उभे करायचे, पतंगासारखे, आणि शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचं कडं करायचं. वर चार टोकं येतात ती चार कामट्यांनी जोडा, खालची चार उरलेल्या चार कामट्यांनी. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात आणि सांगाडा एकदम गोलसर, भरीव दिसायला लागतो. मुलांचे चेहरे बघा त्या क्षणी.

गाठी बांधताना दोरा आधी पाण्यात बुडवून घ्या, सुकला की आवळतो. खळ मैद्याची, पातळ शिजवून, त्याच दिवशी वापरायची. जुने लोक मोरचूद घालायचे पण ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर नकोच. पतंगाचा कागद सांगाड्यापेक्षा बोटभर मोठा कापा, कडा कामटीवर दुमडून चिकटवा. ओला असताना कागद सैल वाटेल, घाबरू नका, सुकल्यावर ढोलासारखा ताणतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, गरम हवा बाहेर जायला. त्रिकोण एका रंगाचे, चौकोन दुसऱ्या रंगाचे, खाली झिरमिळ्या.

बल्ब एलईडीच, तोही पाच-सात वॉटचा. जुना पिवळा साठचा बल्ब जेवढी वीज खातो त्यातली बहुतेक उष्णतेत घालवतो, आणि कागद त्याला टेकला तर पेटतो. आमच्या लहानपणी वाड्यात एक कंदील असाच पेटला होता, जळका कागद तरंगत खाली अंगणात आला तो मला अजून दिसतो. होल्डर कंदिलाला नाही, कंदिलाच्या वर दोरीला बांधा म्हणजे वाऱ्याने बल्ब कागदावर आपटणार नाही.

आणि अगदीच वेळ नसेल तर हाताने केलेला विकत घ्या. मुंबईत माहीमची कंदील गल्ली आहे, लोक महिनोन्‌महिने कामट्या तासत बसलेले असतात, त्यांच्याकडून घेतलेला कंदील आणि मॉलमधला घडीचा प्लास्टिकचा यात उजेडाचा पण फरक पडतो. कागदातून येणारा उजेड मऊ असतो.

तिसऱ्या मजल्यावर राहतो, किल्ला करता येईल का?

का नाही! जुनी पत्र्याची नाहीतर प्लायची फळी, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर विटा, खोकी, गोणपाट आणि वरून चिखलाचा लेप. संपूर्ण मातीचा केलात तर वजन फार होतं, आत खोकी घातली की हलका राहतो. उतारावर हिरवळीला अळीव पेरा. अळीव भिजला की त्याला चिकट आवरण येतं म्हणून तो उभ्या कड्यावरही धरून राहतो, मोहरी घरंगळते, ती सपाट जागी टाका. चार-पाच दिवसांत हिरवं होतं, त्यामुळे वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरायचं आणि दिवसातून दोनदा फवारा. मुलांना एखादा खरा किल्ला निवडायला सांगा, राजगड करायचा तर बालेकिल्ला मधे आणि तीन माच्या तीन दिशांना, नकाशा बघून करू द्या.

पणत्या तेल पितात आणि खाली डाग पडतात.

नवीन पणत्या रात्रभर पाण्यात ठेवा, मातीची छिद्रं पाण्याने भरली की तेल कमी शोषलं जातं. सावलीत सुकवून मग वापरा. खाली एकेक पान ठेवलं तर डागही नाहीत आणि दिसतंही छान. पणत्या मात्र कुंभाराकडूनच घ्या, मुंबईत धारावीचा कुंभारवाडा, पुण्यात कसब्यातला. धुवून ठेवल्या तर कितीही वर्षं चालतात.

दारात दोन फूट जागा, त्यात लोकांचे पाय पडतात. रांगोळी कुठे काढू?

पाटावर. दोन बाय दोनच्या प्लायला गेरू द्या, सुकला की त्यावर ठिपक्यांची रांगोळी. गेरू थेट टाइल्सवर लावू नका, फटींत बसला की निघत नाही. पाट दाराच्या कडेला ठेवायचा, झोपताना आत घ्यायचा. आणि ठिपके आधी सगळे नीट मांडून घ्या, रेषा आपोआप जमते. स्टिकरची रांगोळी मला पटत नाही, वाकडी असली तरी हाताची काढा.

भाड्याचं घर आहे, मालक खिळे मारू देत नाहीत.

खिडकीच्या ग्रिलला आणि पडद्याच्या दांड्याला बांधा. तोरणाला चौकटीच्या आतल्या बाजूने ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते, तीच कंदील सोडून सगळ्याला वापरा.

आम्ही परदेशात आहोत, इथे आंब्याची पानं नाहीत आणि सोसायटीचे नियम कडक.

आधी हे लक्षात ठेवा, ताजी पानं, माती, बिया बॅगेत भरून नेऊ नका, बहुतेक देशांत विमानतळावरच काढून घेतात, ऑस्ट्रेलियात तर फारच कडक आहे. अमेरिकेत असाल तर इथून कंदिलाचा फक्त सांगाडा आणि कागद न्या, बल्ब-होल्डर तिकडचाच घ्या, कारण तिकडे १२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०, आणि होल्डरची घडणही वेगळी. लाकडी घरं असतात, बाहेर वाळक्या पानांचे ढीग असतात, त्यामुळे अंगणात उघड्या पणत्या नकोत, काचेच्या ग्लासात ठेवा.

आणि तिथे मेपलची पानं लावा ना, खुशाल! तुमच्या दारातला शरद तोच आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेच्या घरी पायरीवर भोपळे असतात आणि वर कंदील, आणि ते दोन्ही एकमेकांना शोभतात. सिडनी-मेलबर्नवाल्यांचा प्रश्न उलटा आहे, त्यांची दिवाळी ऐन वसंतात येते, सिडनीत जॅकरंडा जांभळा फुललेला असतो. तीच गळून पडलेली फुलं वेचून पाण्याच्या परातीत सोडा, मधे पणती.

हे सगळं उतरवायचं कधी आणि टाकायचं कुठे?

भाऊबीज झाली की लगेच उतरवू नका, तुळशीचं लग्न कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लागतं. वृंदावनाला गेरू द्या, नसेल तर कुंडीलाच द्या, चारही बाजूंनी उसाच्या कांड्या उभ्या करून वर बांधा, आवळे-चिंचा-बोरं ठेवा. त्रिपुरी पौर्णिमेला शेवटचे दिवे लावायचे आणि दुसऱ्या दिवशी कंदील काढायचा. कागद फाटला असेल तर तो काढून सांगाडा माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी नुसता कागद बदलला की झालं.

फुलं नदीत किंवा खाडीत सोडू नका. घटाची माती आणि किल्ल्याची माती कुंड्यांत, निर्माल्य त्याच मातीत मिसळून. झेंडूची दोन-चार पूर्ण वाळलेली फुलं बाजूला काढा, पेला सोलला की आत काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखं बी असतं. बाजारातल्या मोठ्या गेंदेदार फुलांत बी कमी निघतं आणि उगवलेलं फूल आईसारखंच येईल असंही नाही, लहान गावठी झेंडूचं मात्र छान येतं. कागदाच्या पुडीत ठेवा, वर तारीख लिहा. आषाढी एकादशीच्या आसपास पेरा, दसऱ्याला बरोबर फुलतो.